पॅकिंगची पीओ (खरेदीची ऑर्डर) काढण्याआधी: खरेदी खात्यात नव्याने आलेल्यांसाठी प्लास्टिकच्या नियमांची वाट

चाकण, भोसरी, तळेगाव, रांजणगाव पट्ट्यातल्या बहुतेक कंपन्यांत पॅकिंग मटेरियलची खरेदी नवख्या माणसाकडे येते. कारण सरळ आहे. स्टील, कास्टिंग, बेअरिंग यांत पैसा अडकतो, म्हणून तिथे अनुभवी माणूस बसतो; पिशव्या, टेप, स्ट्रेच फिल्म, बबल आणि खोके ‘कन्झ्युमेबल’ म्हणून नव्याच्या टेबलावर जातात. पण कायद्याच्या नजरेत आता याच मालाला सर्वात जास्त कागद लागतो. शिवाय तो कागद खरेदीच्या वेळीच तयार व्हावा लागतो, जूनमध्ये वार्षिक विवरण भरताना मागे जाऊन तो उभा करता येत नाही.

म्हणून सुरुवातीलाच तीन गोष्टी पक्क्या धरा: प्रत्येक नगाचं प्लास्टिकचं वजन ग्रॅममध्ये, त्याची कॅटेगरी, आणि पुरवठादाराचा ईपीआर (आपण बाजारात आणलेल्या प्लास्टिकच्या कचऱ्याची सोय लावण्याची जबाबदारी) नोंदणी क्रमांक. या तिन्ही गोष्टी पीओवर आणि बिलावर आल्या की पुढचं काम निम्म्याने हलकं होतं.

पहिली पायरी: आपण कोण, हे ठरवा

प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियम २०१६ चे. १६ फेब्रुवारी २०२२ च्या दुरुस्तीने त्यांत विस्तारित उत्पादक जबाबदारीची, म्हणजे ईपीआरची, सविस्तर चौकट आली. जबाबदारी तिघांवर आहे: प्लास्टिक पॅकिंग बनवणारा उत्पादक, आयातदार आणि ब्रँड मालक. खरेदीदार म्हणून तुमची कंपनी यांपैकी कुठे बसते हे आधी ठरवावं लागतं, आणि एकच कंपनी दोन खणांतही बसू शकते.

रिकामे कॅन, पाऊच, पिशव्या विकत घेऊन त्यांत आपल्या ब्रँडचा माल भरत असाल तर तुम्ही ब्रँड मालक. परदेशातून मशीनचे सुटे भाग मागवता आणि ते प्लास्टिकच्या पिशवीत, फोममध्ये गुंडाळून येतात, तर त्या पॅकिंगपुरते तुम्ही आयातदार. पॅकिंग तुम्ही ‘विकत घेतलं’ नाही, ते मालाबरोबर आलं, तरीही. नवख्यांचा पाय इथे हमखास घसरतो, कारण आयातीच्या बिलात पॅकिंगची वेगळी ओळ नसते. देशातल्याच पुरवठादाराकडून पॅक होऊन आलेला कच्चा माल वापरत असाल तर त्या पॅकिंगची ईपीआर जबाबदारी तुमची नाही. तो कचरा वेगळा करून योग्य हातात देण्याची जबाबदारी मात्र तुमची आहे.

सूक्ष्म आणि लघु उद्योगांचा मुद्दा नीट समजून घ्या. ब्रँड मालक सूक्ष्म किंवा लघु असेल तर ईपीआरची थेट जबाबदारी त्याच्यावर येत नाही, ती त्याला पॅकिंग पुरवणाऱ्याच्या बाजूला सरकते. १ एप्रिल २०२५ पासून लघु उद्योगाची मर्यादा यंत्रसामग्रीतली गुंतवणूक २५ कोटी आणि उलाढाल १०० कोटी अशी आहे. सूक्ष्मसाठी ती अनुक्रमे २.५ कोटी आणि १० कोटी. दोन्ही अटी एकदम पाळल्या गेल्या पाहिजेत. उद्यम प्रमाणपत्राची ताजी प्रत फाइलला लावा. ही सवलत आयातदाराला मिळत नाही, त्यामुळे छोटा कारखाना असला तरी आयात करत असेल तर नोंदणी लागते. आणि बंदी असलेल्या वस्तूंचे नियम तर चहाच्या टपरीपासून मोठ्या कारखान्यापर्यंत सगळ्यांना सारखेच.

दुसरी पायरी: गोदामातला प्रत्येक प्लास्टिकचा नग वजनकाट्यावर चढवा

संगणकावर बसण्याआधी स्टोअरमध्ये जा. ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा, मेजरिंग टेप आणि जाडी मोजायचं मायक्रोमीटर बरोबर घ्या. पॅकिंगच्या प्रत्येक प्रकाराचे दहा नग मोजा, सरासरी काढा आणि नोंदवहीत लिहा. पुरवठादाराच्या कोटेशनवरचं वजन लिहू नका.

पिशवीचं वजन हिशेबानेही काढता येतं. लांबी आणि रुंदी मीटरमध्ये घ्या, गुणाकार करा, दोन बाजू म्हणून दोनने गुणा, मायक्रॉनमधल्या जाडीने गुणा, आणि एलडीपीई (पिशव्यांचं नेहमीचं कमी घनतेचं पॉलिथिन) असेल तर त्याच्या घनतेने, म्हणजे ०.९२ ने गुणा. उत्तर ग्रॅममध्ये येतं. २४ बाय ३६ इंची, ५० मायक्रॉनची पिशवी घ्या: ०.६१ × ०.९१४ × २ × ५० × ०.९२, म्हणजे साधारण ५१ ग्रॅम. काट्यावर ती ४३ ग्रॅम भरली तर जाडी ४२ मायक्रॉनच्या आसपास आहे असं समजा. दहा हजार पिशव्यांत हा फरक साधारण ८० किलोंचा होतो. नगावर भाव ठरवला की पुरवठादाराला जाडी कमी करून पैसे वाचवता येतात. म्हणून पिशव्यांचा भाव किलोवर ठरवा आणि नगाचं वजन वेगळं लिहून घ्या. बोहरी आळीत आणि जुन्या पुरवठादारांकडे अजून गेजमध्ये बोलतात: १०० गेज म्हणजे २५ मायक्रॉन, २०० गेज म्हणजे ५०. पीओवर मायक्रॉनच लिहा.

जाडी एका जागी मोजून चालत नाही. फिल्म ब्लो करताना एका बाजूला जाड, दुसरीकडे पातळ येते. पिशवीच्या रुंदीत किमान दहा ठिकाणी मोजा. घडीवर मोजलं तर आकडा फसवा येतो.

वस्तूभोवती गुंडाळायच्या प्लास्टिक शीटची जाडी ५० मायक्रॉनपेक्षा कमी नसावी असं नियम सांगतो, मात्र जाडीमुळे कामात अडथळा येत असेल तिथे सूट आहे. पॅलेटवरची स्ट्रेच फिल्म साधारण २३ मायक्रॉनची असते. ५० मायक्रॉनची फिल्म ताणतच नाही. अशा प्रत्येक पातळ मालासाठी ‘ही जाडी का’ हे सांगणारी एक पानी तांत्रिक नोंद प्रॉडक्शनच्या सहीने करून ठेवा. तपासणीच्या वेळी ती नोंद हाताशी असावी.

स्ट्रेच रोल घेताना आणखी एक बघा: वजन कोरसकट लावलंय की निव्वळ? आतली पुठ्ठ्याची नळी प्लास्टिकच्या हिशेबात धरायची नाही, आणि तिचे पैसे फिल्मच्या भावाने द्यायचे नाहीत. रोल संपला की नळी काट्यावर ठेवा, एका मिनिटात खरं कळतं.

तिसरी पायरी: कॅटेगरी लावा

कॅटेगरी एक म्हणजे कडक प्लास्टिक: कॅन, बाटल्या, डबे, क्रेट, ट्रे, झाकणं. दोन म्हणजे लवचीक प्लास्टिक, एका थराचं किंवा वेगवेगळ्या प्लास्टिकच्या अनेक थरांचं: पिशव्या, पाऊच, शीट, श्रिंक, स्ट्रेच. तीन म्हणजे ज्यात किमान एक थर प्लास्टिकचा आणि किमान एक दुसऱ्या कशाचा, उदाहरणार्थ अ‍ॅल्युमिनियम फॉइल किंवा कागद. चार कम्पोस्टेबल प्लास्टिकची. जैवविघटनशील प्लास्टिकसाठी नंतर वेगळी कॅटेगरी आली.

गोंधळ दोन आणि तीनमध्ये होतो. पॉलिएस्टर आणि पॉलिथिनचा पाऊच चकचकीत दिसला तरी तो सगळा प्लास्टिकच, म्हणून कॅटेगरी दोन. त्याच पाऊचमध्ये फॉइल आलं की तीन. मेटलाइज्ड फिल्म बघून फॉइल आहे की केवळ धातूचा मुलामा हे डोळ्यांनी सांगता येत नाही, त्यामुळे पुरवठादाराकडून थरांची रचना लेखी घ्या: कोणता थर, किती मायक्रॉन, किती टक्के वजन. लॅमिनेशन केलेला पुठ्ठ्याचा खोका आतून कागद असला तरी प्लास्टिकच्या थरामुळे तिसऱ्या कॅटेगरीत जाऊ शकतो. लॅमिनेशनऐवजी पाण्यावर आधारित वार्निश चालत असेल तर तेच घ्या. हिशेबही सुटतो आणि खोका रद्दीत नीट जातो.

चौथी पायरी: बंदीची यादी पुरवठादाराआधी आपण वाचा

इथे केंद्राचा नियम आणि महाराष्ट्राची अधिसूचना दोन्ही बघावी लागतात, आणि जी कडक असेल ती पुण्यात लागू. केंद्राच्या नियमात १२० मायक्रॉनपेक्षा जाड कॅरीबॅग चालते; ३१ डिसेंबर २०२२ पासून ती मर्यादा आहे. महाराष्ट्रात २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर जाडी न बघता बंदी आहे. गुजरातचा व्यापारी ‘१२० मायक्रॉन आहे, कायदेशीर आहे’ असं म्हणतो तेव्हा तो त्याच्या राज्यापुरतं खरं बोलत असतो. लक्ष्मी रोडवरच्या दुकानासाठी ती पिशवी घेऊ नका. ६० जीएसएमपेक्षा (ग्रॅम प्रति चौरस मीटर) जड नॉन-वोव्हन पॉलीप्रॉपिलिन पिशवीला राज्याने नोव्हेंबर २०२२ मध्ये वाट दिली, पण पुरवठादार बऱ्याचदा ४०-४५ जीएसएमची देतो. १० सेंटिमीटर चौरसाचा तुकडा कापून तोला: ०.६ ग्रॅमपेक्षा कमी भरला तर माल परत करा.

राज्याच्या अधिसूचनेतला दंड पहिल्या वेळी ५,००० रुपये, दुसऱ्या वेळी १०,००० आणि तिसऱ्या वेळी २५,००० रुपये व तीन महिन्यांपर्यंत कैद असा आहे.

१ जुलै २०२२ पासूनच्या देशव्यापी बंदीत प्लास्टिकचे चमचे, काटे, स्ट्रॉ, ग्लास, ताटल्या, ट्रे, ढवळण्या, सजावटीचं थर्माकोल आणि १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनर आहेत. यांपैकी कँटीनचे चमचे आणि कार्यक्रमाचे बॅनर खरेदी खात्यातूनच जातात, म्हणून आठवण. पण सगळ्यात जास्त चूक होते ती दिवाळीत. मिठाईच्या खोक्याभोवती, निमंत्रणपत्रिकेभोवती किंवा सिगारेटच्या पाकिटाभोवती गुंडाळलेली प्लास्टिक फिल्म त्या यादीत आहे. कर्मचाऱ्यांना आणि ग्राहकांना द्यायच्या पाचशे खोक्यांची ऑर्डर देताना पीओवरच लिहा: ‘खोक्यावर प्लास्टिक आवरण नको, कागदी पट्टी किंवा सुती दोरा’. मिठाईवाल्याने आधीच पॅक केलेला माल गणेशोत्सवानंतर लगेच तयार होतो, तेव्हा ही अट ऑगस्टमध्येच सांगा.

‘बायोडिग्रेडेबल’ असं छापलेली पिशवी किंवा चमचा दिसला की आधी थांबा. कम्पोस्टेबल प्लास्टिक हे आयएस १७०८८ या मानकाला उतरलेलं असतं आणि त्याच्या उत्पादकाकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं, म्हणजे सीपीसीबीचं प्रमाणपत्र असतं. मालावर उत्पादकाचं नाव आणि प्रमाणपत्र क्रमांक छापलेला हवा. प्रमाणपत्र विक्रेत्याच्या नावावर आहे की खऱ्या उत्पादकाच्या, आणि त्यात नेमकी तीच वस्तू आहे का, हे तपासा. पिशवीचं प्रमाणपत्र दाखवून चमचे विकले जातात. आणि हा माल साध्या प्लास्टिकच्या भंगारात टाकू नका, रिसायकल होणारा ढीग त्याने बिघडतो.

पाचवी पायरी: पुरवठादाराची चौकशी

सीपीसीबीच्या ईपीआर पोर्टलवर पुरवठादाराचं नाव आहे का ते आधी पाहा, आणि मग त्याच्याकडून नोंदणी प्रमाणपत्र मागा. क्रम मुद्दाम असा सांगतोय: आधी प्रमाणपत्र मागितलं तर जुन्या तारखेचं, भावाच्या कंपनीचं किंवा दुसऱ्या पत्त्याचं येऊ शकतं. प्रमाणपत्रावरचा जीएसटी क्रमांक आणि बिलावरचा जीएसटी क्रमांक जुळायला हवा. व्यापाऱ्याकडून घेत असाल तर त्याच्या मागचा कारखाना कोणता, ते लेखी घ्या.

पीओच्या अटींत आम्ही हे शब्द घालायला सांगतो, जसेच्या तसे उचला: ‘बिलावर ईपीआर नोंदणी क्रमांक, प्लास्टिकची कॅटेगरी, निव्वळ प्लास्टिकचं वजन किलोमध्ये आणि पुनर्चक्रित प्लास्टिकचं टक्केवारीने प्रमाण नमूद केलेलं असावं. नमूद नसल्यास बिल स्वीकारलं जाणार नाही.’ शेवटचं वाक्य लिहिल्याशिवाय आधीच्या वाक्याला वजन येत नाही. अकाउंट्सला ही अट तोंडी नव्हे, मेलने कळवा. नाहीतर गोदामाने अडवलेलं बिल तिकडून पास होतं.

प्लास्टिक कचरा नियमांतल्या नियम ११ प्रमाणे पॅकिंगवर जी माहिती छापायची ती १ जुलै २०२५ पासून बारकोड, क्यूआर कोड, माहितीपत्रक किंवा विशिष्ट क्रमांकातूनही देता येते. क्यूआर कोडचा मार्ग निवडला असेल तर डिझाइनवर सही करण्याआधी छापील नमुना दोन वेगळ्या मोबाइलवर स्कॅन करा. लवचीक पाऊचवर घडीच्या रेषेत आलेला कोड वाचला जात नाही, आणि छपाईचा सिलिंडर कोरून झाल्यावर तो हलवायला खर्च येतो.

सहावी पायरी: जबाबदारीचा आकडा काढा

हा भाग सावकाश वाचा. ब्रँड मालकाच्या जबाबदारीची मात्रा मागच्या दोन आर्थिक वर्षांच्या सरासरीवर निघते: बाजारात आणलेलं प्लास्टिक पॅकिंग, अधिक उत्पादनातच निघालेला पॅकिंगचा कचरा. म्हणून दोन वर्षं मागची बिलं लागतात. आज रुजू झालात तरी आधीच्या माणसाच्या फाइली उघडाव्याच लागतील. निर्यातीच्या मालावर लागलेलं पॅकिंग वेगळ्या रकान्यात ठेवा, देशात आलेला आणि देशाबाहेर गेलेला माल एकत्र मिसळू नका.

समजा कॅटेगरी दोनची सरासरी १२ टन आहे. २०२३-२४ पासून लक्ष्य शंभर टक्के आहे, म्हणजे १२ टनांची ईपीआर प्रमाणपत्रं हवीत, म्हणजे तेवढ्या प्लास्टिक कचऱ्यावर प्रक्रिया झाल्याचा, ती करणाऱ्या कारखान्याकडून (प्रक्रियादाराकडून) मिळणारा पुरावा. त्यातलं रिसायकलिंगचं किमान प्रमाण २०२५-२६ साठी ४० टक्के, म्हणजे ४.८ टन, २०२६-२७ मध्ये ते ५० टक्के. उरलेलं सिमेंट भट्टीत सहप्रक्रिया किंवा वीज, तेल अशा मार्गांनी पूर्ण करता येतं. कडक प्लास्टिकला हे किमान प्रमाण २०२५-२६ मध्ये ६० आणि २०२६-२७ मध्ये ७० टक्के, तर कॅटेगरी तीनला दुसऱ्याइतकंच. २०२७-२८ पासून कडकसाठी ८० आणि दोन-तीनसाठी ६० टक्के.

याच्या जोडीला २०२५-२६ पासून पॅकिंगमध्येच पुनर्चक्रित प्लास्टिक घालण्याचं बंधन आहे, आणि ते थेट खरेदीच्या अंगावर येतं. २०२२ च्या तक्त्यात ते कडक प्लास्टिकला ३० टक्के, लवचीकला १०, तिसऱ्या कॅटेगरीला ५ टक्के असं सुरू होतं. २०२६-२७ मध्ये कडकचं ४० होतं, २०२८-२९ पर्यंत ६०. वरच्या उदाहरणात १२ टनांत १.२ टन. दुसऱ्या एखाद्या कायद्यामुळे ते घालता येत नसेल तर सीपीसीबी प्रकरणानुसार सूट देते, पण तेवढ्या मात्रेची प्रमाणपत्रं मग विकत घ्यावी लागतात.

पुनर्वापराचा तक्ता बऱ्याच जणांना माहीतच नसतो. ब्रँड मालकाच्या कडक पॅकिंगमध्ये ४.९ लिटर किंवा किलो आणि त्यापुढच्या डब्या-कॅनना २०२५-२६ साठी ७० टक्के, ०.९ ते ४.९ दरम्यानच्यांना १० टक्के पुनर्वापर अपेक्षित आहे. कूलंट, डिटर्जंट, अ‍ॅढेसिव्ह ५ लिटरच्या कॅनमध्ये विकत असाल तर हे तुमच्यासाठीच आहे. १६० ग्रॅमचा कॅन वर्षाला वीस हजार गेला तर ३.२ टन प्लास्टिक. त्यातले चौदा हजार कॅन परत येऊन धुऊन पुन्हा भरले गेले पाहिजेत. औद्योगिक ग्राहक असेल तर हे शक्य आहे. डिलिव्हरीचा टेंपो रिकामा परतत असतो, त्यात कॅन आणायचे, झाकणासकट, आणि परतीच्या चलनावर नग लिहायचे. पण कॅन परत येतात ते दुसऱ्याच रसायनाचा वास घेऊन. म्हणून ग्राहकाशी ठरवताना ‘फक्त आमचंच उत्पादन भरलेला कॅन परत’ ही अट घाला, आणि स्वीकारताना वास, तडा आणि गळ्याचा आटा या तीन गोष्टी पाहून बाजूला काढा. कॅन कितव्यांदा भरला हे तळाला मार्करने खूण करून ठेवा. तळाचा कोपरा पांढुरका पडला की तो कॅन भंगारात.

पोर्टलवर नोंदणी एक किंवा दोन राज्यांत व्यवसाय असेल तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे होते, दोनपेक्षा जास्त राज्यांत असेल तर सीपीसीबीकडे. जीएसटी, पॅन, कंपनीचा सीआयएन (कंपनी नोंदणी क्रमांक), अधिकृत व्यक्तीची कागदपत्रं, उत्पादन असेल तर मंडळाचं संमतीपत्र लागतं. पुण्यात मंडळाचं प्रादेशिक कार्यालय वाकडेवाडीला आहे. अधिकृत व्यक्तीचा मोबाइल आणि मेल खरेदीतल्या एखाद्या माणसाचा वैयक्तिक देऊ नका. तो नोकरी सोडून गेला की ओटीपीही त्याच्याबरोबर जातो.

प्रमाणपत्रं कोणाकडून घ्यायची? फक्त पोर्टलवर नोंदणी असलेल्या प्रक्रियादाराकडून, आणि देवाणघेवाण पोर्टलवरच. २०२३ मध्ये सीपीसीबीच्या तपासणीत महाराष्ट्रासह तीन राज्यांत लाखो बनावट प्रमाणपत्रं सापडली होती. तेव्हापासून शहाण्या खरेदीदाराने प्रक्रियादाराची जागा बघायला जाणं हेच योग्य. तो जितकं प्लास्टिक रिसायकल केल्याचं सांगतो तितकं त्याच्या यंत्रांतून निघू शकतं का? एका एक्स्ट्रूडरची (प्लास्टिक वितळवून दाणा काढणाऱ्या यंत्राची) तासाची क्षमता, किती पाळ्या चालतात आणि वीजबिल एवढं पाहिलं तरी अंदाज येतो. बाजारभावापेक्षा फार स्वस्त मिळत असेल तर घेऊ नका. जबाबदारी चुकली तर पर्यावरणीय भरपाई भरावी लागते, शिवाय पर्यावरण संरक्षण कायद्याखालचा दंड १ एप्रिल २०२४ पासून दहा हजारांपासून पंधरा लाखांपर्यंत आहे.

सातवी पायरी: पुनर्चक्रित माल लाइनवर चालवून बघा

कागदावर ३० टक्के लिहिणं सोपं. तो माल मशीनवर चालवणं वेगळं. पुनर्चक्रित दाणा असलेल्या फिल्ममध्ये बारीक गाठी आणि काळे ठिपके येतात. गाठ सीलिंगच्या पट्टीखाली आली तर सील सुटतं. स्ट्रेच फिल्म गाठीपाशी फाटते आणि पॅलेट रॅप करणारं मशीन थांबतं. त्यामुळे पहिल्याच वेळी टनाची ऑर्डर देऊ नका. दोन रोल घ्या, एक पूर्ण पाळी चालवा, किती वेळा फाटली ते मोजा. पिशव्यांत पाणी भरून रात्रभर टांगून ठेवा, सकाळी जमिनीवर ओल दिसली तर सीलचं तापमान पाच-दहा अंशांनी बदलून पुन्हा बघा.

यंत्रभाग गंजू नयेत म्हणून वापरायच्या व्हीसीआय पिशव्यांत पुनर्चक्रित प्लास्टिक घेत असाल तर आणखी काळजी घ्या. घासून स्वच्छ केलेला भाग त्या पिशवीत सील करून दमट जागी ठेवा, शेजारी नेहमीच्या पिशवीतला तसाच भाग ठेवा, आणि आठवड्याआड दोन्ही उघडून पाहा. ही चाचणी जून ते सप्टेंबरमध्येच करा, मे महिन्यातल्या पुण्याच्या कोरड्या हवेत सगळंच पास होतं.

खाद्यपदार्थांशी थेट संपर्क येणाऱ्या पॅकिंगमध्ये पुनर्चक्रित प्लास्टिक एफएसएसएआयच्या परवानगीशिवाय चालत नाही. बेकरी, मसाले, नमकीनवाल्यांनी पुरवठादाराकडून ते मंजुरीपत्र घेतल्याशिवाय पाऊल पुढे टाकू नये. वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ गुंडाळण्यावर मनाई आहेच.

प्लास्टिक काढून कागदावर जायचं ठरवलं तर पावसाळा लक्षात घ्या. पाच प्लायचा खोका कोरडा असताना जितका भार पेलतो तितका दमट गोदामात पेलत नाही. खालच्या थरातले खोके बसतात आणि थप्पी कलते. पुरवठादाराला केवळ जीएसएम विचारू नका. बर्स्टिंग फॅक्टर (कागद किती दाबाला फुटतो), कडेची दाबक्षमता आणि कोब व्हॅल्यू, म्हणजे कागद किती पाणी शोषतो, हे तिन्ही मागा. खोके थेट फरशीवर नव्हे, पॅलेटवर रचा. डिसेंबर २०२४ मध्ये कागद, काच आणि धातूच्या पॅकिंगलाही ईपीआर लावणारा मसुदा केंद्राने काढला, म्हणून नोंदवहीत आतापासूनच कागदाच्या वजनाचा रकाना ठेवा.

निर्यातदारांसाठी थोडं वेगळं

युरोपला माल जात असेल तर २०२५/४० क्रमांकाचा पॅकेजिंग नियम ११ फेब्रुवारी २०२५ ला अमलात आला आणि १२ ऑगस्ट २०२६ पासून लागू होतो. कायदेशीर जबाबदारी तिथल्या उत्पादक-आयातदाराची, पण त्याला लागणारे कागद तो तुमच्याकडूनच मागणार. शिसं, कॅडमियम, पारा आणि हेक्साव्हॅलंट क्रोमियम यांची बेरीज १०० मिलिग्रॅम प्रति किलोच्या आत हवी. ही चाचणी छापील पिशव्या आणि रंगीत टेपवर आधी करून घ्या, कारण धोका शाईत आणि रंगात असतो. तिथे २०३० पासून खोक्यातली रिकामी जागा ५० टक्क्यांवर जाऊ शकणार नाही, आणि पोकळी भरायला घातलेले कागद, बबल, फोम हे रिकामी जागाच धरले जातात. छोट्या ब्रॅकेटसाठी गोदामात पडून असलेला मोठा खोका वापरायची सवय असेल तर आताच दोन-तीन नवे माप काढा. शिवाय तिथल्या पुनर्चक्रित प्रमाणात वापरून झालेल्या प्लास्टिकचाच दाणा धरतात, कारखान्यातल्या काटछाटीचा नाही; दाण्याचा उगम पुरवठादाराकडून लेखी घ्या. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२२ पासून ३० टक्क्यांपेक्षा कमी पुनर्चक्रित असलेल्या प्लास्टिक पॅकिंगवर कर आहे.

लाकडी पॅलेटचा नियम जुना आहे, तरी चुका रोजच्या: गाभ्यात ५६ अंश सेल्सिअस तापमान सलग ३० मिनिटं आणि त्याचा शिक्का. दुरुस्त केलेल्या पॅलेटवर नवी फळी ठोकली की जुना शिक्का पुरत नाही.

आठवी पायरी: भंगार आणि तारखा

स्टोअरमागे तीन पिंजरे करा: स्वच्छ पारदर्शक फिल्म, रंगीत व छापील फिल्म, आणि कडक प्लास्टिक. टेप आणि लेबल चिकटलेली फिल्म पहिल्या पिंजऱ्यात गेली की अख्ख्या लॉटचा भाव पडतो. कामगारांना कटर द्या आणि टेपचा तुकडा कापून टाकायला शिकवा. भंगारवाल्याकडून वजनाची पावती आणि माल कुठल्या नोंदणीकृत प्रक्रियादाराकडे गेला त्याचा कागद घ्या. शहरातल्या दुकानांना आणि ऑफिसांना पुण्यात स्वच्छ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेचा मार्ग आहे. तिथेही ओला आणि सुका वेगळा दिला तरच उपयोग.

वार्षिक विवरण पुढच्या आर्थिक वर्षातल्या ३० जूनपर्यंत भरायचं असतं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पॅकिंगची स्टॉक मोजणी करा. पूर्ण एप्रिल बिलं आणि नोंदवही जुळवण्यात जातो, आणि ज्या बिलांवर कॅटेगरी नाही ती इथेच सापडतात. त्या पुरवठादारांकडून सहीशिक्क्याचं पत्र मे संपायच्या आत घ्या. प्रमाणपत्रांची खरेदी मार्चच्या शेवटावर ठेवू नका, तेव्हा सगळेच शोधत असतात. दर तिमाहीला एक चतुर्थांश घेतलं तर भावही बरा मिळतो आणि प्रक्रियादाराची जागा बघून यायलाही वेळ राहतो.